कणगीच्या खोलीतलं शेत

मुरुम हे बाजाराचं गाव सोडून जीप पुढं निघाली की थोड्याच वेळात आमचं गाव लागतं. गावातली निम्मी घरं कानडी बोलतात, निम्मी मराठी, आणि भांडताना सगळेच दोन्ही बोलतात. माझं माहेर लोहाऱ्याकडचं. लग्न होऊन इथं आले तेव्हा मला 'नीरु' म्हणजे पाणी आणि 'ब्याड' म्हणजे नको, एवढीच कानडी येत होती. 'ब्याड' लवकर शिकले, कारण माझ्या सासूबाई दिवसातून पुष्कळदा तेच म्हणायच्या. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतात. थोरल्या जाऊबाईंना मी अक्का म्हणते. दीर एसटीत कंडक्टर, त्यांचा मुक्काम कधी कुठल्या डेपोत तर कधी कुठल्या. त्यामुळं शेत बघायचं ते माझ्या नवऱ्यानं, अक्कांनी आणि मी.

त्या शेतातली विहिरीच्या काठची एक पट्टी माझ्याकडं होती. तशी कुणी लिहून दिली नव्हती, पण तिथं मी भाजी लावायचे. मेथी, शेपू, कोथिंबीर, थोडा पालक. बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारपासून जुड्या बांधायला बसायचे आणि सकाळी मुरुमला न्यायचे. मला सोयाबीनचं, तुरीचं काम आवडायचं नाही असं नाही, पण ते सगळ्यांचं काम होतं. भाजी माझी होती.

ज्या पावसाळ्यात माझं दुखणं सुरू झालं, तेव्हा आम्ही सोयाबीन खुरपत होतो. माझे दोन्ही गाल आणि नाक लाल झालं. अव्वा म्हणाल्या, गाजरगवत लागलं असंल, खोबरेल लाव. लावलं. मग बोटांचे सांधे दुखायला लागले, सकाळी पीठ मळताना मूठ वळेना. अंगात बारीक ताप राहायचा. केस विंचरले की कंगव्यात पुंजका यायचा. उमरग्याच्या डॉक्टरांनी दोनदा औषध बदललं आणि शेवटी म्हणाले, सोलापूरला जाऊन या.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. रक्ताचे कागद बघत त्यांनी विचारलं, "काय काम करता?"

"शेती," मी म्हणाले.

"म्हणजे स्वतः शेतात काम करता?"

"सगळ्यात जास्त हीच करती," नवरा म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. माझं शरीर माझ्याच विरुद्ध उठलं होतं. या आजाराला ल्यूपस म्हणतात. गोळ्या घेतल्या तर तो आटोक्यात राहतो, पण ऊन लागलं की पुन्हा भडकतो. बाहेर जायचंच असेल तर अंग झाकून, छत्री घेऊन, तेही थोडा वेळ. शेतात दिवसभर राबणं बंद.

"किती दिवस?" नवऱ्यानं विचारलं.

"दिवस नाही हो. आता असंच धरून चालायचं."

परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली होती. आमची एसटी नळदुर्गाच्या रस्त्यानं जाते, तिथं दुपारनंतर ऊन एका बाजूनं सरळ आत येतं. नवरा उठला, मला आतल्या बाजूला सरकवलं आणि स्वतः खिडकीत बसला. मग खांद्यावरचा टॉवेल काढून त्यानं खिडकीच्या दोन गजांना बांधला. मागच्या सीटवरचा माणूस म्हणाला, "ओ, वारं बंद झालं की." नवऱ्यानं मागं वळून बघितलं नाही. मी मनात वेगळंच काहीतरी धरून बसले होते. पट्टीतली मेथी काढायला आली होती आणि परवा बाजार होता.

ती मेथी अक्कांनी काढली. पुढचीही त्यांनीच लावली.

त्यानंतरचे कितीतरी महिने मी घरात होते. आमचं घर जुन्या पद्धतीचं माळवद आहे. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, आणि छतावर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात आत आलं की माठाजवळ आल्यासारखं वाटतं. सगळ्यांचा स्वयंपाक, धुणं, भांडी, जनावरांच्या दावणीची झाडलोट मी करायचे. काम कमी नव्हतं. पण सकाळी सगळे खुरपी घेऊन बाहेर पडायचे आणि दाराची सावली उंबऱ्यावरून आत सरकत यायची, तेव्हा माझ्या हाताला काय करावं ते कळायचं नाही. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई, सावलीतली भाकर." त्यांच्या मनात वाईट नसायचं. अक्का काही म्हणायच्या नाहीत. आम्हा दोघींचं काम त्या एकटीनं उरकून यायच्या, हातपाय धुवायच्या आणि रिकामी बादली जरा जोरात ठेवायच्या.

अव्वांना आजाराचं नाव कधी जमलं नाही. कानडीत उन्हाला बिसलु म्हणतात. म्हणून त्यांनी त्याचं नाव 'बिसलाचा रोग' ठेवलं. कुणी भेटायला आलं की त्याच सांगायच्या, "बिसलु सोसत न्हाय तिला. बाकी हाय चांगली."

घराच्या मागच्या अंगाला कणगीची खोली होती. पूर्वी तिथं बांबूच्या विणलेल्या, शेणानं सारवलेल्या मोठमोठ्या कणग्यांत ज्वारी भरून ठेवायचे. आता ज्वारी पोत्यांत असते, त्यामुळं खोलीत अडगळच जास्त. एके दिवशी ती झाडायला घेतली, तर कोपऱ्यात बियाण्याची मेथी ठेवलेली पिशवी कशानं तरी ओली झाली होती. पिशवी फाडून मेथी उगवली होती. पांढरी, दोऱ्यासारखी लांब, आणि सगळीच्या सगळी छतातल्या उजेडाच्या भोकाकडं माना करून. मी खाली बसले आणि बराच वेळ बघत राहिले. ती वाकलेली रोपटी बघून वाईट वाटलं का बरं वाटलं, ते आजही सांगता येणार नाही. संध्याकाळी नवऱ्याला ती दाखवली.

"उजेड कमी पडलाय," तो म्हणाला.

"ते मला कळतंय. दिला तर?"

माझा नवरा कमी बोलतो. त्याला एखादी गोष्ट पटली की तो बोलत नाही, करायला लागतो. दोनतीन दिवस तो जेवताना मोबाईलवर काहीतरी बघत होता. मग मुरुमच्या एका बंद पडलेल्या किराणा दुकानाचं लोखंडी रॅक भंगारातून घेऊन आला, आणि त्यासोबत रोपवाटिकेतले काळे ट्रे. परदेशात म्हणे लोक मोठमोठ्या खोल्यांत दिव्याखाली भाजी पिकवतात. त्यानं ते बघितलं होतं. "आपल्याला मोठी खोली कशाला लागते," एवढंच म्हणाला.

पहिल्यांदा नडल्या अव्वा. त्या दारात उभ्या राहिल्या. "ब्याड! मातीचं घर हाय. भिंतीला पाणी लागलं की घर खाली बसतंय. भाजी लावायची तर नीरु घालणार न्हाईस व्हय तू?"

त्यांचं बरोबर होतं. माळवदाला पाण्याचंच भय. शेवटी त्यांनीच अट घातली, की जमिनीवर थेंब पडायचा नाही. पडला तर त्याच दिवशी रॅक बाहेर. त्यामुळं आम्ही ट्रेच्या खाली दुसरे बिनभोकाचे ट्रे ठेवले आणि पाणी खालच्या ट्रेत घालायला लागलो. वरची नारळाच्या भुशाची आणि गांडूळखताची माती ते खालून ओढून घ्यायची. तांब्याभर पाण्यात एका कप्प्याचं भागायचं. पट्टीत मी वाफ्याला वाफा भरून पाणी सोडायचे, तेव्हा असला हिशोब कधी केला नव्हता.

उजेडाचं मात्र जमेना. साधे दिवे लावून बघितले, तर आमच्याकडं लाइट कधी जाईल याचा नेम नाही. सकाळी गेली की दुपारी यायची, दुपारी गेली की कधी तरी. रोपं पिवळी पडून एकमेकांवर रेलली. मग नवऱ्यानं सोलरच्या प्लेटा बसवायचं ठरवलं आणि मुरुमचा एक मिस्त्री घेऊन आला. दाढी पांढरी झालेला, बोलका माणूस. मला पहिल्यापासून भाबी म्हणायला लागला. माळवदावर चढून त्यानं पायानं ठोकून बघितलं आणि म्हणाला, "ह्याच्यात छिद्र पाडू नका. पावसात सगळं आत गळंल." म्हणून प्लेटा गोठ्यापुढच्या नव्या मोरीच्या स्लॅबवर, लोखंडी चौकटीत बसवल्या.

वायर ओढून झाल्यावर तो चहाला बसला. त्यानं खोली बघितली, रॅक बघितलं आणि त्याला हसू आवरेना.

"भाबी, गुस्सा करू नका, पण हे उलटं काम हाय. बाहेर एवढं ऊन पडलंय. ते तुमी वर प्लेटीत धरणार, तारेनं खाली आणणार, आन् खोलीत परत त्याचंच ऊन करणार. त्याच्यापरीस भाजीच बाहेर ठेवा की!"

नवरा वायरचे तुकडे गोळा करत होता. मान वर न करता म्हणाला, "भाजीला बाहेर ठेवता येतं. हिला न्हाय."

मिस्त्रीचा चहाचा कप हातातच राहिला. त्याला माझ्या आजाराचं कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यानं हत्यारांची पेटी पुन्हा उघडली. दिवे उंचावर टांगले होते ते सगळे खाली, रोपांपासून वीतभर अंतरावर घेतले. "दिवा जवळ असला की कमी दिव्यात भागतं," म्हणाला. "भिंतीला चुना मारा. पांढऱ्या भिंतीवरनं उजेड परत येतो. आन् ब्याटरीवर जोर देऊ नका. ऊन हाय तवर दिवे चालवा, ऊन गेलं की झोपू द्या त्यास्नी. रोपाला बी झोप लागती." कप्प्यात वारा हलता राहावा म्हणून त्यानं एक छोटासा पंखा बसवून दिला. खोली मुळातच गार होती, त्यामुळं बाकी काही लागलं नाही. "शहरात ह्याच कामाला एसी लावावा लागतो," जाताना म्हणाला. "तुमच्या आज्याच्या मातीनं वाचवलं."

चुना मी मारला. हाताची बोटं दुखत होती, तरी मारला.

पुढच्या तपासणीला गेले तेव्हा मी भीतभीतच डॉक्टरीणबाईंना विचारलं, की दिवसभर दिव्याजवळ बसते, चालेल का. त्यांनी दिव्याचा प्रकार विचारला, नवऱ्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. एलईडीचं चालेल, जुन्या ट्यूबलाइटच्या नळ्या नकोत, असं त्या म्हणाल्या. मग फोटो मोठा करून बघत राहिल्या. "हे घरात आहे?" त्यांनी विचारलं. नवरा नुसता मान हलवून उभा राहिला, पण त्याचा फुललेला चेहरा मला दिसत होता.

पहिली मेथी वितीपेक्षाही बुटकी होती. पण हिरवीगार, कोवळी, आणि मातीचा कण नाही. ती मी कात्रीनं कापली, लसणाची फोडणी देऊन भाजी केली आणि सगळ्यांच्या ताटात वाढली. अव्वांनी दोनदा घेतली. नवरा काही बोलला नाही, म्हणजे आवडली. अक्कांनी भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं, उठल्या आणि म्हणाल्या, "मीठ जास्त झालंय." मीठ बरोबर होतं.

नंतरच्या काळात सगळंच सरळ झालं असं नाही. एकदा दमट हवेत अख्खा कप्पा बुरशीनं गेला. कोथिंबीर उगवायला इतका उशीर करायची की मी तिच्यावर रागवायचे. कधी माझंच अंग साथ द्यायचं नाही. गोळ्या चालू असूनही एका दिवाळीच्या सुमारास आजार पुन्हा उसळला आणि मी अंथरुणावरच होते. तेव्हा ट्रेंना पाणी अव्वांनी घातलं. त्या रोपांशी कानडीतून बोलायच्या, जेवलात का, झोपलात का, असलं. मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मी बरी झाल्यावर त्यांनी खोलीचा ताबा पुरता सोडला नाही. दारात पाटी नव्हती, त्याच पाटी होत्या. चप्पल काढा, हात धुवा, थेंब सांडू नका.

बाजारात आमची भाजी अक्का न्यायच्या. शेतातली आणि खोलीतली एकाच टोपलीत. खोलीतल्या जुड्या लवकर खपायच्या हे मला बाजारातून आलेल्या दुसऱ्या बायकांकडून कळायचं, अक्का सांगायच्या नाहीत. आमच्या दोघींत भांडण नव्हतं. पण पूर्वी बांधावर बसून एका फडक्यात भाकरी खाताना जे बोलणं व्हायचं, ते राहिलं नव्हतं. त्या बाहेरच्या झाल्या होत्या आणि मी आतली.

मग तो उन्हाळा आला. विहिरीनं चैत्रातच तळ दाखवला. अक्का घागरीनं पाणी नेऊन पट्टी जगवायला बघत होत्या. पालक सुकला, शेपू फुलावर आला. कितीतरी वेळा मला वाटलं, म्हणावं, राहू द्या अक्का, पण कुठल्या तोंडानं म्हणायचं? मी सावलीत बसलेली.

एके दिवशी भर दुपारी नवरा त्यांना धरूनच घेऊन आला. चेहरा लालबुंद, अंग तापलेलं, डोळे मिटत चाललेले. ऊन लागलं होतं. घरातली सगळ्यात गार जागा कणगीची खोली. तिथंच घोंगडं टाकून त्यांना झोपवलं. ओल्या फडक्यानं अंग पुसलं, कांदा ठेचून तळपायाला चोळला, कैरीचं पन्हं चमच्या चमच्यानं पाजलं. नवरा गावातल्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना घेऊन आला. त्यांनी सलाइन लावलं आणि बाटली अडकवायला जागा नव्हती म्हणून ती रॅकच्या वरच्या कप्प्याला टांगली. त्या म्हणाल्या, आता काळजी नको, पण आज हलवू नका.

दुपार कलल्यावर अक्कांनी डोळे उघडले. डोक्याशी मी बसले होते. रॅकवरचे दिवे लागलेले, छोटा पंखा गुणगुणत होता. त्या बराच वेळ वर बघत राहिल्या.

"मेथीचा वास यायलाय," त्या म्हणाल्या.

"व्हय. उद्या कापायचीय."

"शेतातल्यासारखाच येतो."

मी त्यांच्या कपाळावरचं ओलं फडकं पालटलं.

"तू इथं दिवसभर एकटीच बसतीस?"

"अव्वा असतात की. आन् कामच असतंय."

"मला वाटायचं," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. सलाइनच्या नळीकडं बघत पुन्हा म्हणाल्या, "मला वाटायचं तू सुटलीस. मी उन्हात मरायले आन् ही गार बसली. रोज वाटायचं."

मला राग यायला हवा होता कदाचित. आला नाही. "मला बी वाटायचं," मी म्हणाले. "तुमी पट्टीत मेथी पेरायचा त्या दिवशी मी जेवत नव्हते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "खुळीच हाईस." मग जरा वेळानं, "पाणी दे थोडं. आन् अव्वाला सांगू नको, पण मघाशी माझ्याकडनं पन्हं सांडलंय खाली." मी फडकं घेऊन जमीन पुसली. दोघींनाही हसू आलं.

त्या दिवसानंतर अक्का शेतातून आल्या की आधी खोलीत डोकावायला लागल्या. आणि त्यांचं डोकं माझ्यापेक्षा व्यवहारी. एकदा त्यांनी कप्प्यातलं टोमॅटोचं एक रोप बघितलं. ते चुकून मातीतून आलेलं, मी काढून टाकलं नव्हतं. अक्कांनी ते बोटानं हलवून बघितलं.

"ह्याचं खोड चांगलं हाय. आपण दरसाल मिरचीचं, वांग्याचं रोप शेतातच टाकतो. निम्मं उन्हानं जातं, निम्मं किड्यानं. इथं केलं तर?"

"आन् मग?"

"मग काय, पाऊस आला की मी शेतात लावते. तू आत वाढीव, मी बाहेर बघते."

आम्ही भाजीचे दोन कप्पे मोकळे केले. मिरचीचं बी मी ओल्या फडक्यात बांधून मोड आणलं आणि एकेका खाचेत एकेक टाकलं. रोज सकाळी दिवे लागले की मी आधी तिकडं बघायचे. रोपं एकसारखी आली, गडद, टवटवीत. एक पाऊस झाला, वाफसा आला, तेव्हा अक्का ट्रे घेऊन शेतात गेल्या. पट्टीत सरी धरून त्यांनी दिवसभर रोपं लावली.

दोन दिवसांनी कडक ऊन पडलं आणि संध्याकाळी त्या रिकाम्या ट्रेसह दारात उभ्या राहिल्या. चेहरा उतरलेला. पानं पांढरी पडली होती, कडा जळाल्या होत्या, निम्म्याहून जास्त रोपं माना टाकून बसली होती. मी ऐकत होते. आतल्या दिव्याखाली वाढलेल्या रोपानं ऊन कधी बघितलंच नव्हतं.

"तुझ्याच पोरी हायत," अक्का म्हणाल्या. "ह्यांना बी बिसलु सोसत न्हाय."

पण त्या खचल्या नाहीत. मी मिस्त्रीला फोन लावला, तर त्याला काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "भाबी, मला वायरचं विचारा." मग नवऱ्यानं मुरुमच्या एका रोपवाटिकावाल्याला विचारलं. रोपांना हळूहळू सवय लावावी लागते, असं त्यानं सांगितलं. आधी सावली, मग सकाळचं कोवळं ऊन, मग जरा जास्त, आणि पाणी थोडं तोडायचं. दुसऱ्या खेपेला आम्ही तसं केलं. अंगणातल्या लिंबाखाली ट्रे मांडायचे. पहिल्या दिवशी गच्च सावलीत. नंतर रोज जरा जरा बाहेर. मी ओसरीतून सांगायचे आणि अक्का सरकवायच्या. "अजून थोडं उजवीकडं. बास. आता दुपारी आत घ्या." रोपांची पानं जरा जाड झाली, रंग गडद झाला, खोड ताठ झालं. मी त्यांच्याकडं बघत बसायचे. ज्या उन्हात मला जाता येत नाही त्यात त्यांना पाठवायची तयारी मी करत होते, आणि त्याचं मला दुःख वाटत नव्हतं. एखादी पोर सासरी पाठवताना डोळे भरतात, पण तिनं जाऊ नये असं कुठल्या आईला वाटतं?

या वेळी मिरची जगली. वांगंही जगलं. अक्का रोज संध्याकाळी येऊन सांगायच्या, आज नवा फुटवा आलाय, आज फूल दिसलं. एक दिवस म्हणाल्या, "सांगून सांगून माझं तोंड दुखलं. चल बघायला."

"ऊन?"

"ऊन गेल्यावर. मी काय खुळी हाय का."

सूर्य पार बुडाल्यावर, पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून, डोक्यावरून पदर घेऊन मी कितीतरी महिन्यांनी शेताच्या वाटेला लागले. नवरा पुढं, अक्का मागं. बांधावर उभी राहिले. उजेड इतका कमी होता की पानं आणि फळं वेगळी दिसत नव्हती. मी वाकून हातानं चाचपून बघितलं. मिरच्या लागल्या होत्या, बोटाएवढ्या, गार. अक्का ओळ दाखवत होत्या, कुठल्या ओळीत कुठला ट्रे लावला, कुठं रोप गेलं म्हणून दुसरं लावलं. मी ऐकत एकेका रोपाला हात लावत होते. परत येताना चिखलात चप्पल अडकली, ती अक्कांनी काढून दिली.

आता गावातल्या दोनचार बाया आमच्याकडून रोपं नेतात. मुरुमच्या पुढच्या एका गावची एक बाई नवऱ्याला घेऊन बघायला आली होती. तीही घरात असलं रॅक करायचं म्हणाली. मी तिला प्लेटांचं, दिव्यांचं सांगितलं. अव्वांनी दारातून तिला भिंतीचं सांगितलं, आणि तेच जास्त वेळ चाललं. मिस्त्री अधूनमधून बॅटरी तपासायला येतो. आल्यावर तो आधी कप्पे बघतो, मग बॅटरी. आजार आहे तिथंच आहे. चार दिवस बरे, एक दिवस वाईट. वाईट दिवशी मी स्टुलावर बसून नुसतं सांगते आणि बाकी कुणीतरी करतं.

या पावसाळ्यात आठवडाभर झड लागली होती. प्लेटांना ऊन नाही, त्यामुळं सगळे दिवे चालवण्याइतकी वीज नव्हती. अशा वेळी आम्ही सगळे ट्रे एकाच कप्प्यात दाटीवाटीनं ठेवतो आणि तेवढेच दिवे लावतो. पण सगळे ट्रे काही मावत नाहीत. अक्का वांग्याचं रोप घेऊन उभ्या होत्या, ते पुढच्या आठवड्यात लावायचं होतं. मी कोथिंबीर धरून बसले होते, बाजार तोंडावर होता. तेवढ्यात अव्वा आत आल्या आणि मागच्या रांगेतून एक डबा ओढून पुढं ठेवला. त्यात बेलाची तीन इवली रोपटी होती. आम्हाला दोघींनाही त्याचा पत्ता नव्हता. महादेवाला वाहायला बेल लागतो, गावातलं झाड म्हातारं झालंय, म्हणून त्यांनी कधी तरी गुपचूप बी टाकलं होतं.

"अव्वा, बेलाला काय घाई हाय?" अक्का म्हणाल्या. "त्याला मोठं व्हायला वर्षं लागत्यात."

"मग लवकर नको का सुरू करायला?"

वांगी मधोमध गेली, बेल कडेला, आणि माझी कोथिंबीर त्या दिवशी अंधारात राहिली. कोथिंबिरीला एक दिवस चालतं.